तिकीटखिडकीवरचे नवे संस्थानिक

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला. मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून ही घटना सर्वपरिचित आहे. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो आणि सांगलीत भावे यांच्या नावाचे गौरवपदक समारंभपूर्वक दिले जाते. परंतु याच इतिहासातील दुसरी एक घटना तितकीच मोलाची असूनही तिचे स्मरण कोणी करीत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, संस्थानचा आधार सुटला आणि भाव्यांची नाटकमंडळी पोटासाठी गावोगाव हिंडू लागली. १८५३ मध्ये या मंडळींनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या मर्जीने दरबारात बसणाऱ्याची जागा पदरचे पैसे मोजून बसणाऱ्या प्रेक्षकाने घेतली. राजाश्रय गेला आणि लोकाश्रय आला, असे जे म्हटले जाते, त्या स्थित्यंतराचे साधन होते ते कागदाचे एक लहानसे चिठोरे, म्हणजे तिकीट.

तिकिटाने आणलेली समता पुरी नव्हती, हे खरे. पुढच्या खुर्चीचा आणि मागच्या बाकाचा भेद होताच; जातीने उभे केलेले अडसरही तिकिटाने आपोआप गळून पडले नाहीत. तरीही एक तत्त्व त्यातून रूढ झाले. एका दर्जाच्या जागेचा दर एकच राहील, तो दारावर लिहिलेला असेल, आणि जो रांगेत आधी उभा राहील त्याला जागा आधी मिळेल. रेशनच्या दुकानापासून एस.टी.च्या स्थानकापर्यंत सामान्य माणसाला जी थोडीफार न्यायाची हमी या देशात मिळाली, ती रांगेनेच दिली. रांगेत पुढे कोण आहे हे दिसते, मध्ये घुसणाऱ्याला हटकता येते, आणि खिडकी बंद झाली तर ती कोणी बंद केली हे विचारता येते. आज कलेच्या दारावरची ही खिडकी भ्रमणध्वनीच्या पडद्यात गेली आहे. ती पडद्यात गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. ती कोणाच्या ताब्यात गेली, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उग्र रूप देशाला २२ सप्टेंबर २०२४ रोजी दिसले. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे त्या दिवशी दुपारी 'बुकमायशो'वर विक्रीस आली. बिगट्री एंटरटेनमेंट या कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेली ही विक्रीव्यवस्था आज देशातील सर्वांत बलाढ्य तिकीटविक्रेती आहे. जानेवारी २०२५ मधील तीन कार्यक्रमांच्या सर्व जागा मिळून दोन लाखांच्याही आत होत्या, आणि त्यांसाठी सव्वा कोटीहून अधिक लोकांनी प्रयत्न केला, असे कंपनीनेच जाहीर केले. एवढ्या थोड्या जागांसाठी एवढे लोक आले की बहुतेकांना परत जावे लागणार, हे गणित कोणीही बदलू शकत नाही. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी की अदृश्य रांगेत आपल्यापुढे लाखो लोक आहेत असा आकडा पाहत तरुण मुले तासन् तास बसली, आणि त्यांचा क्रमांक येण्यापूर्वीच तीच तिकिटे पुनर्विक्रीच्या अन्य संकेतस्थळांवर अनेक पटींनी, काही ठिकाणी लाखांच्या घरात, विकायला निघाली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावले. सक्तवसुली संचालनालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच राज्यांत झडत्या घेतल्या. पुनर्विक्रेत्यांशी आपला संबंध नाही असे कंपनीने सांगितले आणि स्वतःही पोलिसांत तक्रार दिली. कंपनीचे म्हणणे शब्दशः खरे मानले तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो. या कार्यक्रमाची आयोजक आणि तिकिटांची एकमेव विक्रेती ही एकच कंपनी होती. रांग तिची, रांगेचा हिशेब तिचा, आणि रांगेत घोटाळा झाला काय याची पहिली साक्षही तिचीच! पूर्वी चित्रपटगृहाबाहेर दबक्या आवाजात दुप्पट भाव पुकारणारा काळाबाजारवाला निदान पोलिसाला दिसत असे. आजच्या काळ्या बाजाराला चेहरा नाही, आणि ज्या वहीत त्याचा माग सापडेल ती वही खाजगी मालकीची आहे.

दूरच्याला महाग पडणारी 'सोय'

हा मुंबईच्या सुखवस्तू तरुणांचा प्रश्न आहे, त्याच्याशी सातारा-सांगलीचा काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतील. एकेकाळी एकच जिल्हा असलेल्या या दोन जिल्ह्यांचाच त्याच्याशी सर्वांत जवळचा संबंध आहे, हे थोडा विचार केल्यास कळून येईल.

पुणे-मुंबईच्या रहिवाशाला ऑनलाइन तिकीट ही सोय आहे. नको वाटली तर तो नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन छापील किमतीत तिकीट घेऊ शकतो. साताऱ्याहून पुणे शंभराहून अधिक किलोमीटर आहे. सांगलीहून त्याच्या सुमारे दुप्पट. पुण्यातील गाण्याची मैफल, क्रिकेटचा सामना किंवा एखाद्या नाटकाचा गाजलेला प्रयोग पाहू इच्छिणाऱ्या कराडच्या शिक्षकाने वा इस्लामपूरच्या विद्यार्थ्याने आठ दिवस आधी केवळ तिकिटासाठी एस.टी.ने पुण्याला जाऊन यावे, असे कोणी म्हणू शकत नाही. त्याच्यापुढे निवड नाही. म्हणजे ज्याला निवड आहे त्याच्या दृष्टीने जे सोयीचे शुल्क, तेच ज्याला निवड नाही त्याच्या दृष्टीने जकात होते. ही जकात शहरापासून जो जितका दूर, त्याला तितकी चुकविणे अशक्य. ग्रामीण महाराष्ट्रावर सरकारने न लावलेला हा कर एक खाजगी कंपनी वसूल करते.

या जकातीचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. समजा, नाटकाचे तिकीट ३०० रुपयांचे आहे आणि त्यावर ३० रुपये सुविधाशुल्क लागले. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. पण सुविधाशुल्कावर मात्र अठरा टक्के कर बसतो. तेव्हा ते शुल्क ३५ रुपये ४० पैसे झाले. नाटक करमुक्त, दलाली करपात्र, आणि दोन्हींचा भार प्रेक्षकावर! चौघांच्या कुटुंबाने एकाच वेळी चार तिकिटे घेतली तर १४१ रुपये ६० पैसे. आता प्रश्न असा की चार तिकिटांच्या एका व्यवहाराला यंत्राचे श्रम चौपट पडतात काय? बँकेचा खर्च चौपट येतो काय? यूपीआयने दिलेल्या पैशावर व्यापाऱ्याला आकार द्यावा लागू नये, असे धोरण सरकारने जानेवारी २०२० पासूनच ठेवले आहे. तिकिटाच्या संख्येप्रमाणे वाढणाऱ्या शुल्काचा खर्चाशी संबंध नसतो, प्रेक्षकाच्या निकडीशी असतो. अर्थशास्त्रात अशा उत्पन्नाला खंड म्हणतात. जमीन न कसता केवळ ती ताब्यात आहे म्हणून जमीनदार जो घेई, त्याच जातीचे हे उत्पन्न आहे.

तुलनेसाठी रेल्वेकडे पाहावे. रेल्वेच्या तिकीट महामंडळाचे ऑनलाइन शुल्क यूपीआयने पैसे भरल्यास बिगर-वातानुकूलित वर्गासाठी १० रुपये आणि वातानुकूलित वर्गासाठी २० रुपये, अधिक कर, असे जाहीर झालेले आहे. ते एका आरक्षणाला आहे, प्रवाशागणिक नाही. रेल्वेची व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. तत्काळ तिकिटांवर दलालांच्या यंत्रांनी मारलेला डल्ला सर्वांनी पाहिला आहे. परंतु त्याविषयी संसदेत प्रश्न विचारता येतो, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, आणि जुलै २०२५ पासून तत्काळ आरक्षणाला आधारची पडताळणी सक्तीची करावी लागली. मक्तेदारी सार्वजनिक असली तरी त्रास देते. पण तिला जाब विचारण्याची वाट असते. खाजगी मक्तेदारीपुढे प्रेक्षकाला फक्त तक्रारीचा क्रमांक मिळतो.

न्यायालयांनी दाखविलेले बोट

महाराष्ट्र सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१३ आणि २०१४ मध्ये सरकारने आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर सुविधाशुल्क घेण्यास मनाई केली. मल्टिप्लेक्सचे चालक आणि बिगट्री उच्च न्यायालयात गेले, २०१४ मध्येच अंतरिम स्थगिती मिळाली आणि शुल्क चालू राहिले. अकरा वर्षांनी, १० जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. न्यायालयाच्या निर्णयाचा गाभा असा की ज्या करमणूक शुल्क कायद्याचा आधार घेऊन हे आदेश काढले गेले, त्या कायद्याने सरकारला असा अधिकार दिलेलाच नव्हता. आणि कायद्याच्या आधाराविना व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालता येत नाही.

त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध दाखल झालेली जनहित याचिकाही त्याच न्यायालयाने फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, अशी भूमिका त्या वेळी घेतली गेली.

हे दोन निर्णय वाचून अनेकांनी हात टेकले. वास्तविक त्यांतून उलट बोध घ्यायला हवा. एका निर्णयाने सांगितले की आदेश पुरत नाही, कायदा लागतो. दुसऱ्याने सांगितले की तो कायदा विधिमंडळाने करावा. दोन्ही निर्णयांचे बोट एकाच इमारतीकडे आहे. मंत्रालयात बसून काढलेल्या आदेशावर लोकप्रियता मिळवायची, तो न्यायालयात टिकला नाही की न्यायालयाकडे बोट दाखवायचे, आणि दरम्यान अकरा वर्षे प्रेक्षकाने पैसे भरत राहायचे, हा खेळ आता पुरे झाला. सत्ताधाऱ्यांना खरोखर इच्छा असेल तर त्यांच्यापाशी बहुमत आहे. इच्छा नसेल तर विरोधी आमदारांनी अशासकीय विधेयक आणून ती नसल्याचे सिद्ध करावे.

स्पर्धा वाढली की शुल्क आपोआप उतरेल, असे बाजाराचे भक्त सांगतात. स्पर्धा आयोगाने जून २०२२ मध्ये 'बुकमायशो'विरुद्धच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य मानून महासंचालकांना चौकशीचा आदेश दिला, यावरून ही वाट किती मोकळी आहे याची कल्पना यावी. चित्रपटगृहांशी केलेल्या एकाधिकाराच्या करारांचा प्रश्न त्यात होता. सुविधाशुल्कातील वाटा अनेकदा चित्रपटगृहालाही मिळतो. म्हणून शुल्क कमी असलेला विक्रेता निवडण्याची त्याला गरज वाटत नाही. विक्रेते चित्रपटगृहांसाठी स्पर्धा करतात, प्रेक्षकासाठी नाही. २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीटविक्रीचा व्यवसाय २,०४८ कोटी रुपयांना विकत घेतला. दुसरा बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा राहिला, हे खरे. पण एका जकातनाक्यासाठी कोणी दोन हजार कोटी मोजतो तो जकात माफ करण्यासाठी नव्हे. बाजाराची पंढरी मानल्या गेलेल्या अमेरिकेतही वेगळे घडलेले नाही. तेथील न्याय विभागाने मे २०२४ मध्ये लाइव्ह नेशन-टिकेटमास्टर या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि आयोजन व तिकीटविक्री एकाच हाती असणे हाच त्यातील मुख्य आक्षेप होता.

अडत्याला जे लागू, ते यालाही

सांगलीच्या लोकांना या अर्थकारणाचे नवल वाटू नये. हळदीची बाजारपेठ म्हणून सांगलीचे नाव देशभर आहे. हळद पिकवणारा शेतकरी वेगळा, खरेदी करणारा व्यापारी वेगळा, आणि दोघांमध्ये अडत्या. अडत्याकडे ना शेत, ना कारखाना. पण बाजाराचे दार त्याच्या हाती असल्याने दोघेही त्याच्यापुढे वाकत. म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्राने कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा केला. अडत्याला परवाना लागू लागला, अडतीला मर्यादा आली, सौदा उघड्यावर झाला, आणि बाजार समिती निवडून येऊ लागली. पुढे त्या समित्याच अनेक ठिकाणी पुढाऱ्यांची वतने झाली, हा समाजवाद्यांनी वारंवार मांडलेला अनुभव आहे. तरी तत्त्व खोटे ठरत नाही. जो माल पिकवीत नाही व वापरीत नाही, पण दार अडवून उभा आहे, त्याच्या दलालीवर समाजाचे नियंत्रण हवे. नाटकाच्या आणि संगीताच्या बाजारातील अडत्याला हेच तत्त्व लावायचे आहे.

त्यासाठी करावयाच्या कायद्याचा आराखडा अवघड नाही. शुल्क व्यवहारागणिक असावे, तिकिटागणिक नव्हे. आणि त्याची कमाल मर्यादा प्रत्यक्ष खर्च तपासून ठरावी. कारखान्याच्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपेक्षा अधिक असू नये, ही डॉ. राममनोहर लोहियांची 'दाम बांधो'ची कसोटी येथेही लावता येईल. पहिल्या पडद्यावर दिसणारी किंमत हीच अखेरची किंमत असावी. टप्प्याटप्प्याने रक्कम वाढविणे आणि न विचारता देणगी जोडणे यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच अनुचित ठरविले आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. तिकीट परत करायचे झाल्यास ते मूळ विक्रेत्याकडेच छापील किमतीत परत जावे आणि पुढच्या माणसाला त्याच किमतीत मिळावे. चढ्या भावाची पुनर्विक्री गुन्हा ठरावी. मोठ्या कार्यक्रमाचा आयोजक आणि विक्रेता एकच असेल तर रांगेच्या नोंदी सार्वजनिक तपासणीस खुल्या असाव्यात. आणि एकाधिकाराचे करार रद्दबातल ठरावेत.

परंतु नुसता कायदा करून थांबल्यास तो पुरेसा होणार नाही. पर्यायी खिडकीही उभी राहिली पाहिजे. आंध्र प्रदेश सरकारने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटगृहांची ऑनलाइन विक्री सरकारी व्यवस्थेतून करण्याचे ठरविले, तेव्हा चित्रपटगृहांचा गल्ला आधी सरकारच्या हाती जाईल या भीतीने विरोध झाला आणि २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, हा धडा त्यातून घ्यावा. महाराष्ट्राला त्याहून चांगली वाट माहीत आहे, ती सहकाराची. साखर, सूत आणि दूध यांचे सहकारी संघ काढणाऱ्या जिल्ह्यांना निर्माते, नाट्यगृहे व प्रेक्षक यांचा तिकीटविक्रीचा सहकारी संघ अशक्य नाही. यात भांडवल थोडे लागते, यंत्रसामग्री जवळजवळ नाहीच. मराठी नाटकांसाठी प्रशांत दामले यांनी काढलेल्या 'तिकिटालय'सारख्या उपक्रमाने रंगभूमीची माणसे स्वतःची खिडकी उघडू शकतात हे दाखवून दिले आहे. अशी खिडकी एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर न राहता संस्थेच्या पायावर उभी राहिली पाहिजे, एवढेच.

आणि जोवर हे होत नाही तोवर असलेली खिडकी राखली पाहिजे. सातारा-सांगलीत नाटक बहुधा ठेकेदारामार्फत येते. तो निर्मात्याकडून ठराविक रकमेला प्रयोग घेतो, भाडे भरतो, जाहिरात करतो आणि नफातोटा सोसतो. साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात किंवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात खिडकीवर 'प्लॅन' मांडून विकलेल्या जागेवर खूण करण्याची रीत जुनी आहे. त्या खिडकीवरच्या माणसाला गावाचे प्रेक्षक तोंडओळखीने ठाऊक असतात. ही ओळखच आता विक्रीची वस्तू झाली आहे. कोणते नाटक कोणी पाहिले, किती रुपयांचे तिकीट घेतले, त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, ही सारी माहिती विक्रेत्या कंपनीकडे साठते; निर्मात्याला आपलाच प्रेक्षक परका होतो. उद्या कोणते नाटक पडद्यावर वर दाखवायचे आणि कोणते तळाशी ढकलायचे, हे ती कंपनी ठरवील. संस्थानिकाची मर्जी याहून काय निराळी होती?

शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज आणि तरुणाच्या हाती बेकारी असताना तिकिटांची चर्चा करावी काय, हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर असे की याच सातारा जिल्ह्यात बेचाळीसच्या प्रतिसरकारने परकी सत्तेशी झुंजता झुंजता लोकन्यायालये चालविली आणि बाजार व अन्नपुरवठ्याची व्यवस्थाही पाहिली. रोजच्या व्यवहारातील अन्याय त्यांना क्षुद्र वाटला नाही. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गावोगाव गेले ते कला ही चैन नव्हे या श्रद्धेने. कष्टकऱ्याला भाकरीबरोबर गाणेही हवे. ज्या समाजात गाणे फक्त परवडणाऱ्याचे होते, तेथे भाकरीही फार काळ सर्वांची राहत नाही.

कार्यकर्त्यांनी सुरुवात लहान करावी. नगरपालिका व महापालिकेच्या मालकीच्या प्रत्येक सभागृहात होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या जागांपैकी ठराविक वाटा खिडकीवर, शुल्काविना, विकला जाईल अशी अट भाड्याच्या करारातच घालावी, यासाठी ठराव आणावेत. इमारत लोकांच्या पैशाने बांधलेली असल्याने अशी अट घालण्याचा अधिकार मालकाच्या नात्याने पालिकेला आहे. त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याचबरोबर दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांकडून, कोणत्याही पक्षाचे असोत, तिकीटविक्रीच्या कायद्याबाबत लेखी भूमिका मागावी.

चिंतामणराव पटवर्धन गेल्यावर सांगलीच्या नाटकमंडळींनी नवा राजा शोधला नाही. त्यांनी तिकीट काढले आणि लोकांसमोर उभे राहिले. त्या तिकिटावर पुन्हा कोणा धन्याचा शिक्का बसत असताना, ज्या गावातून ती मंडळी निघाली त्या गावाने स्वस्थ बसणे शोभणारे नाही.